फिनयुक्त नलिकांचे मूल्यमापन : एक टीकात्मक परामर्श
(उल्हासनगर कॅम्प १ च्या संदर्भात)

(१)

नलिकेतून वाहणाऱ्या पदार्थाची उष्णता हवेच्या स्वाधीन करावयाची असेल, तर खरी अडचण हवेचीच असते. पाणी उष्णता सहज घेते व सहज देते. हवा या दोन्ही व्यवहारांत कृपण आहे. एका अंशाच्या तापमानभेदास वाहते पाणी एक चौरस मीटर पृष्ठातून काही हजार वॅट उष्णता ओलांडू देते. तेवढ्याच पृष्ठावरून पंख्याने ढकललेली हवा मात्र सुमारे पन्नास वॅटच नेते. या कृपणतेवर अभियंत्यांनी जो उपाय योजला तो साधा आहे. हवा देत नसेल, तर तिच्यापुढे अधिक पृष्ठ मांडावे. म्हणून नलिकेच्या बाहेरील अंगावर पातळ पत्र्याच्या चकत्या किंवा वेटोळी बसवितात. या पात्यांना मराठीत 'पंख' म्हणावे, तर त्याच यंत्रात हवा ढकलणारा पंखाही असतो आणि वाचकाचा घोटाळा होतो. शीतयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी 'फिन' हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. तोच येथे स्वीकारणे श्रेयस्कर होय.

फिनयुक्त नलिकांच्या उष्णताविनिमयकांवर गेल्या शंभर वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील गणित उच्च प्रतीचे आहे, प्रयोग काटेकोर आहेत आणि त्यावर उभे राहिलेले उद्योग जगभर पसरले आहेत. तथापि या वाङ्मयाने 'कार्य' या शब्दाचा जो अर्थ रूढ केला, तो पुरेसा आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या आणि मोकळ्या हवेत ठेवलेल्या नलिकेचे कार्य हेच तिचे कार्य मानावे, की वापरात आलेल्या, धूळ बसलेल्या, पावसाळे सोसलेल्या नलिकेचे? प्रस्तुत परामर्शाचा रोख या प्रश्नाकडे आहे. त्याची कसोटी पाहण्यासाठी एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असणे इष्ट ठरते. असे ठिकाण म्हणून उल्हासनगरचा कॅम्प १ येथे घेतला आहे.

(२)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी बॅरकींची जी वसाहत उभारण्यात आली, तीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. लष्करी छावणीची पाच विभागांतील रचना नावापुरती आजही टिकून आहे. शहाड स्थानकाच्या बाजूचा विभाग तो कॅम्प १. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक भरली. क्षेत्रफळ मात्र अवघे तेरा-चौदा चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला पस्तीस हजारांहून अधिक माणसे.

आकड्यांचा हा तपशील उष्णताशास्त्राच्या विवेचनात अप्रस्तुत वाटेल. परंतु तो तसा नाही. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या, तळमजल्यावर दुकान व वर बिऱ्हाड, शेजारी शिवणकामाचे कारखाने, अशा ठिकाणी प्रत्येक शीतपेटीच्या, मिठाईच्या थंड कपाटाच्या आणि वातानुकूलन यंत्राच्या पाठीशी फिनयुक्त नलिकांची एक गुंडाळी असते. कारागीर तिला 'कॉइल' म्हणतात. या कॉइलने उष्णता टाकावयाची ती याच गल्लीच्या हवेत. त्या हवेत कापडाचे बारीक तंतू असतात, रस्त्याची धूळ असते, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोकणपट्टीची ओल असते. शहाडचा रेयॉन उद्योग, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आणि शहरातून वाहणारी, सांडपाण्याने ग्रासलेली वालधुनी यांचाही शेजार या हवेस आहे. शास्त्रीय ग्रंथांतील हवा आणि ही हवा एक नव्हे, एवढे प्रारंभी ध्यानात घ्यावे.

(३)

आता मूळ वाङ्मयाकडे वळता येईल. हार्पर आणि ब्राउन यांनी १९२२ साली हवेने थंड होणाऱ्या विमानाच्या इंजिनांवरील फिनांचे गणित मांडले. फिनचे मूळ तप्त असते, टोक तुलनेने थंड. म्हणून फिनचे सर्व पृष्ठ सारख्याच योग्यतेचे धरता येत नाही, हा विचार त्यांनी सूत्रात बसविला. जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी १९२६ मध्ये कमीत कमी धातूत जास्तीत जास्त उष्णता नेणारा फिनचा आकार कोणता, याचा शोध घेतला. के. ए. गार्डनर यांच्या १९४५ च्या निबंधाने या विचारास पूर्णत्व दिले. निरनिराळ्या आकारांच्या फिनांची 'कार्यक्षमता', म्हणजे प्रत्यक्ष वाहिलेली उष्णता आणि सर्व फिन मुळाइतकीच तप्त असती तर वाहिली असती ती उष्णता यांचे गुणोत्तर, त्यांनी आलेखांत आणून ठेवली. ते आलेख आजही पाठ्यपुस्तकांत छापले जातात.

यानंतर प्रयोगांचे युग आले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केज आणि लंडन यांनी अनेक प्रकारच्या पृष्ठांवर हवा सोडून उष्णतासंक्रमणाचे व घर्षणाचे गुणांक मोजले. १९५५ साली निघालेला त्यांचा ग्रंथ या विषयातील आधारग्रंथ ठरला. १९६३ मध्ये ब्रिग्ज व यंग यांनी त्रिकोणी मांडणीतील फिनयुक्त नलिकांसाठी जे सूत्र दिले, त्यात हवेच्या बाजूचा गुणांक हवेच्या वेगाच्या ०·६८१ व्या घाताप्रमाणे वाढतो. पुढे १९६६ साली रॉबिन्सन व ब्रिग्ज यांनी दाबातील घटीचे सूत्र दिले. अशा रीतीने अभियंत्याच्या हाती गणनेची सर्व साधने आली.

या कार्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. किंबहुना पुढील टीका त्याच साधनांच्या आधारे करावयाची आहे. प्रश्न साधनांचा नाही. त्यांनी काय मोजले आणि काय मोजावयाचे सोडले, हा आहे.

(४)

पहिला आक्षेप 'क्षेत्रफळाच्या' स्तुतीवर आहे. फिनयुक्त नलिकेचे गुणवर्णन करताना तिचे पृष्ठ साध्या नलिकेच्या किती पट आहे, हे अग्रभागी सांगण्याचा प्रघात आहे. उद्योगात सर्रास वापरली जाणारी नलिका उदाहरणादाखल घेऊ. बाहेरील व्यास २५·४ मिलिमीटर, ॲल्युमिनियमच्या फिनचा व्यास सुमारे ५७ मिलिमीटर, जाडी ०·४ मिलिमीटर आणि दर मीटर लांबीत ४३३ फिन. हिशेब करता बाह्य पृष्ठ साध्या नलिकेच्या सुमारे २३ पट येते. संख्या मोठी आहे आणि मोहक आहे. पण उष्णता किती पट वाढेल?

हवेचा गुणांक ५० वॅट धरला, तर या ॲल्युमिनियम फिनची कार्यक्षमता सुमारे ०·८६ येते. हीच फिन पोलादाची असती, तर ती ०·६० च्या आसपास उतरली असती. म्हणजे धातू बदलताच एक चतुर्थांशाहून अधिक कार्य गळाले, क्षेत्रफळ मात्र तेच राहिले. आता ॲल्युमिनियमचीच फिन कायम ठेवून नलिकेच्या आत काय वाहते ते पाहावे. आत जलद वाहणारे पाणी असेल आणि त्याचा गुणांक ४००० धरला, तर तुलनेसाठी दोन्ही नलिकांना हवेचा गुणांक सारखाच मानून, फिनयुक्त नलिका साध्या नलिकेच्या सुमारे १६ पट उष्णता नेते. आत दाट तेल असेल आणि त्याचा गुणांक १५० असेल, तर हीच नलिका जेमतेम तीन पट उष्णता नेते. क्षेत्रफळ दोन्ही वेळी २३ पटच. ज्या गुणाचे मूल्य शेजाऱ्यावर इतके अवलंबून आहे, तो गुण वस्तूचा म्हणून जाहिरातीत मिरविणे शास्त्रास शोभत नाही.

कारण उघड आहे. उष्णतेला एकामागून एक अनेक अडथळे ओलांडावे लागतात आणि एकूण रोध हा त्या सर्वांची बेरीज असतो. फिन केवळ एक अडथळा कमी करते. तो अडथळा सर्वांत मोठा असेल तेथे फिन वरदान ठरते. इतरत्र ती धातूची उधळपट्टी होय. केज व लंडन यांनी आपल्या प्रयोगांत नलिकांच्या आत वाफ योजली होती. घनरूप होणाऱ्या वाफेचा रोध नगण्य असतो, म्हणून हवेच्या बाजूचा रोध निर्भेळ मोजता येतो. प्रयोगाची ही युक्ती सर्वथा योग्य होती. परंतु प्रयोगातील सोय हीच वापरातील स्थिती आहे, असा समज पुढील वाचकांत रुजला आणि तो समज दूर करण्याची तसदी विक्रीच्या पुस्तिकांनी घेतली नाही.

(५)

दुसरा आक्षेप गृहीतांवर आहे. गार्डनर यांच्या आलेखांमागे जी गृहीतके आहेत, त्यांत एक असे की, फिनचे मूळ आणि नलिकेचे पृष्ठ यांच्या सांध्यात उष्णतेला काहीही रोध होत नाही. प्रत्यक्षात पुष्कळशा नलिकांवर फिन ही ताणून गुंडाळलेली पट्टी असते. वातानुकूलन यंत्राच्या कॉइलमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या भोकांतून तांब्याची नलिका ओवून ती आतून फुगविलेली असते. दोन्ही ठिकाणी सांधा केवळ दाबाचा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते; म्हणून पोलादी नलिकेवर गुंडाळलेली ॲल्युमिनियमची फिन तापल्यावर सैल होण्याकडे झुकते. जेथे अधिक तापमान अपेक्षित असते तेथे खाचेत रोवलेल्या किंवा नलिकेवरील धातूतूनच दाबून काढलेल्या फिनांचा अवलंब करतात, तो याच कारणाने.

सांध्यातील फट केवढी असली म्हणजे चिंता करावी? वरील उदाहरणात फट एक शतांश मिलिमीटरची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, मानू. तीत स्थिर हवा भरलेली असते. एवढ्याशा हवेचा रोध नलिकेतील पाण्याच्या रोधाहून किंचित अधिक भरतो आणि पाण्याने भरलेल्या फिनयुक्त नलिकेची उष्णता सुमारे २१ टक्क्यांनी घटते.

या बाबतीत गार्डनर यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. १९४५ मध्ये सांध्याचा रोध शून्य धरणाऱ्या या लेखकाने १९६० साली कार्नाव्हॉस यांच्यासह फिनयुक्त नलिकांच्या सांध्यातील रोधावरच स्वतंत्र निबंध लिहिला. यंग व ब्रिग्ज यांनीही १९६५ मध्ये द्विधातू नलिकांच्या सांध्याची परीक्षा केली. म्हणजे ज्यांनी सूत्रे घडविली, त्यांनीच त्यांच्या मर्यादा दाखविल्या. दोष आहे तो नंतरच्या वापरकर्त्यांचा. १९४५ चे आलेख सर्वतोमुखी झाले. १९६० चा निबंध तज्ज्ञांच्या कपाटात राहिला. सोयीचे ते प्रसिद्ध व्हावे आणि गैरसोयीचे ते विस्मृतीत जावे, हा न्याय शास्त्रातही चालतो, याचे हे उदाहरण होय.

(६)

तिसरा आक्षेप स्वच्छतेच्या कल्पनेवर आहे. नलिकेच्या आत कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी खेळविले, तर काही काळाने आतून क्षारांचा थर धरतो. अर्ध्या मिलिमीटरचा थर घेऊ. साध्या नलिकेत त्याने उष्णता दीड टक्क्याने घटेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. तोच थर वरील फिनयुक्त नलिकेत उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटवितो. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत भासतो, पण तो तर्कशुद्ध आहे. फिनांनी बाहेरचा मोठा रोध नाहीसा केला, त्यामुळे आतला लहान रोध आता तुलनेने मोठा झाला. घरातील एकच दार उघडून भागत नाही. दुसरे अरुंद असेल, तर गर्दी तेथे होते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, फिनयुक्त नलिका साध्या नलिकेपेक्षा अधिक निगा मागते. विक्रेता मात्र ती कमी जागा मागते एवढेच सांगतो.

बाहेरच्या बाजूस धुळीचे काम निराळ्या रीतीने चालते. दर मीटरला ४३३ फिन म्हणजे दोन फिनांमध्ये सुमारे १·९ मिलिमीटरची मोकळी जागा. वातानुकूलन यंत्राच्या कॉइलमध्ये तर ती याहूनही कमी असते. या फटींच्या तोंडाशी कापडाचे तंतू अडकतात आणि त्यांच्या आधाराने धूळ थर धरते. हा थर उष्णतेला रोध करतो त्यापेक्षा हवेला अधिक रोध करतो. पंखा तोच, पण हवा कमी. हवेचा ओघ ३० टक्क्यांनी मंदावला, तर ब्रिग्ज व यंग यांच्या सूत्रानुसार हवेचा गुणांक सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. गुणांक उतरल्याने फिनची कार्यक्षमता किंचित सुधारते, ही थोडी भरपाई. ती धरूनही उदाहरणातील नलिकेची उष्णता १५ टक्क्यांच्या आसपास घटते. शिवाय थोड्या हवेला तेवढीच उष्णता द्यावयाची म्हणजे ती हवा अधिक तापते आणि मागच्या रांगांतील नलिकांना मिळणारा तापमानभेद आणखी आक्रसतो.

सांध्यातील शतांश मिलिमीटरची फट, आतील अर्ध्या मिलिमीटरचा थर आणि बाहेरची अडलेली हवा हे तीन दोष स्वतंत्रपणे पाहिले, तर प्रत्येक जण पंधरा ते एकवीस टक्क्यांचा धनी आहे. तिघे एकत्र आले, तर कोऱ्या नलिकेच्या उष्णतेपैकी जवळजवळ ४० टक्के उष्णता गमवावी लागते. यांपैकी एकही दोष अपघाताचा नाही. सगळे रोजच्या वापराचे, हळूहळू येणारे आणि बाहेरून न दिसणारे आहेत.

यावर पंख्याचा वेग वाढवावा, असा उपाय सुचविला जातो. दाबातील घटीच्या सूत्रांवरून त्याचेही उत्तर मिळते. हवेचा वेग १० टक्क्यांनी वाढविला, तर गुणांक ७ टक्क्यांहून कमी वाढतो आणि पंख्याला लागणारी शक्ती २९ टक्क्यांच्या आसपास वाढते. हा सौदा आतबट्ट्याचा आहे. त्यापेक्षा कॉइल वेळेवर धुणे स्वस्त पडते.

(७)

चौथा आक्षेप कोरड्या हवेच्या गृहीतावर आहे. पावसाळ्यात हवेचे तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असली, की तिचा दवबिंदू २६ अंशांच्या जवळ येतो. खोली थंड करणारी आतील कॉइल याहून पुष्कळ थंड असते; म्हणून या दिवसांत ती अखंड ओली राहते. हवेतील पाणी फिनवर जमते तेव्हा ते आपली सुप्त उष्णताही फिनला देते. फिनवरचा भार वाढतो, मुळापासून टोकापर्यंतचा तापमानभेद वाढतो आणि कोरड्या फिनसाठी काढलेली कार्यक्षमता ओल्या फिनला लागू पडत नाही. ती कमी भरते. मॅक्विस्टन यांनी १९७५ मध्ये उष्णता व बाष्प यांचे एकत्रित संक्रमण धरून फिनची कार्यक्षमता मांडली, आणि तैवानमधील ची-चुआन वांग व त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात ओल्या पृष्ठांवर प्रयोगांची मालिका केली. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. कोकणपट्टीत वर्षातील चार महिने जी स्थिती नित्याची, तिला ग्रंथांत विशेष प्रकरणाचे स्थान मिळाले, एवढेच.

ओलीचा दुसरा परिणाम धातूवर होतो. तांबे आणि ॲल्युमिनियम ओल्या अवस्थेत एकमेकांस चिकटून राहिले, तर त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते. आणि ते नेमके सांध्याशी झिजते, जेथे फिन नलिकेला धरून असते. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखा गंधकयुक्त वायू असेल, तर तांबेही काळवंडते व पोखरले जाते. सांडपाणी कुजत असते तेथून हा वायू निघतो, आणि व्हिस्कोस प्रक्रियेतही तो निर्माण होतो. त्याची मात्रा कोठे किती, हा मापनाचा विषय आहे. परंतु फिनच्या सांध्याचे आयुष्य हवेच्या रसायनावर अवलंबून असते, ही गोष्ट विनिर्देशात लिहिली जाणे अगत्याचे आहे. पाचव्या विभागात ज्या शतांश मिलिमीटर फटीचा विचार झाला, ती कारखान्यातून बाहेर पडताना नसली, तरी काही पावसाळ्यांनंतर निर्माण होऊ शकते.

(८)

पाचवा आणि उल्हासनगरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मोकळ्या हवेच्या गृहीतावर आहे. प्रयोगशाळेत कॉइलला मिळणारी हवा ठराविक तापमानाची असते. भारतात खोलीच्या वातानुकूलन यंत्रांची क्षमता बाहेरील हवा ३५ अंश धरून तपासली जाते. २०१८ पासून तारांकित पट्टीसाठी जो हंगामी निर्देशांक सक्तीने वापरला जातो, त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाह्य तापमानांचे वर्षातील १६०० तास विचारात घेतात. एकाच तापमानावर विसंबणाऱ्या पूर्वीच्या पद्धतीपेक्षा ही सुधारणा निश्चित मोठी आहे. पण हे तापमान शहराच्या हवेचे आहे, गल्लीच्या हवेचे नाही.

अरुंद गल्लीत समोरासमोरच्या भिंतींवर बाहेरची यंत्रे टांगलेली असतात. एकाने टाकलेली गरम हवा दुसरे ओढते, आणि वर वाट नसल्यास स्वतःचीच हवा पुन्हा स्वतः ओढते. समजा, शहरातील हवा ३५ अंश आहे आणि गल्लीतील ४०. उष्णता तेवढीच टाकावयाची, तर कंडेन्सरला आपले तापमान ५० वरून ५५ अंशांवर न्यावे लागते. आतील कॉइल ५ अंशांवर चालत असेल, तर यंत्राला उष्णता ४५ अंश उचलण्याऐवजी ५० अंश उचलावी लागते. आदर्श यंत्रातही विजेचा खर्च ११ टक्क्यांनी वाढतो, आणि प्रत्यक्ष यंत्र आदर्श नसते. या वाढीव विजेचीही शेवटी उष्णताच होते व ती त्याच गल्लीत पडते. अशा ठिकाणी एका कॉइलचे कार्य तिच्या एकटीचे राहत नाही. ते साऱ्या गल्लीचे सामाईक होते. अधिक फिनांची, अधिक दाट कॉइल आणून यातून सुटका नाही. दाट कॉइल अधिक लवकर तुंबते.

यात केवळ विजेच्या बिलाचा प्रश्न नाही. ज्याला यंत्र परवडत नाही, त्याच्या खिडकीतही तीच हवा शिरते. मे महिन्यातील रात्री उष्णता टाकणारा आणि उष्णता सोसणारा यांच्यामध्ये एक भिंत असते आणि तिच्यावर टांगलेल्या पेटीची गुणवत्ता या दोघांनाही भोवते. उष्णताविनिमयकाच्या मूल्यमापनात हा दुसरा माणूस कोठेच येत नाही.

(९)

या आक्षेपांवर पूर्वसूरींच्या वतीने काय म्हणता येईल, याचाही विचार न्यायाने केला पाहिजे. स्वच्छ, कोरडी व मोकळी स्थिती ही सर्वांना समान अशी एकमेव भूमिका आहे. धूळ, क्षार आणि गल्ली ही स्थळोस्थळी निराळी. जे सर्वत्र निराळे आहे त्याचे सूत्र कसे करणार? शिवाय मलिनतेसाठी ठराविक रोध धरून यंत्र थोडे मोठे करण्याची रीत केर्न यांच्या १९५० च्या ग्रंथापासून, किंबहुना त्याआधीपासून, अभियंत्यांस परिचित आहे.

पहिला युक्तिवाद मान्य करावयास हरकत नाही. निर्भेळ मापनाशिवाय एकूण रोधाचे पृथक्करणच झाले नसते. वरील सर्व आकडेमोड त्याच मापनावर उभी आहे. तथापि सुरुवातीची भूमिका हीच अंतिम भूमिका मानणे युक्त नव्हे. दुसरा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा लागतो. मलिनतेचा ठराविक रोध धरून कॉइल मोठी केली, म्हणजे मलिनता आधीच मान्य केली. त्यामुळे सुरुवातीस यंत्र गरजेपेक्षा मोठे ठरते, काही वर्षांनी तरीही अपुरे पडते, आणि दोन्ही काळांतला खर्च ग्राहक भरतो. त्यातही हवेच्या बाजूचे तुंबणे हा रोधात मिळवावयाचा आकडा नव्हेच. तो पंख्याच्या वक्रावरचा बदल आहे. ठराविक रोधाची रीत त्याला स्पर्शही करीत नाही.

(१०)

तेव्हा मागणी कोणती करावी? फिनयुक्त नलिकेचे वर्णन करताना क्षेत्रफळाच्या पटीऐवजी एकूण रोध द्यावा, आणि तो नलिकेत काय वाहते हे सांगून द्यावा. सांधा कोणत्या प्रकारचा आहे व कोणत्या तापमानापर्यंत तो घट्ट राहतो, हे लिहावे. फिनांमधील अंतर ठरविताना कोऱ्या कॉइलची उष्णता न पाहता, तंतू व धूळ अडकल्यावरचा हवेचा ओघ पाहावा. दाट वस्तीसाठी विरळ फिनांची, सहज धुता येणारी कॉइल कागदावर थोडी कमी भरली, तरी वापरात सरस ठरू शकते. यंत्राची परीक्षा नवे असताना एकदा आणि काही पावसाळे झाल्यावर पुन्हा घ्यावी. समोरासमोर टांगलेल्या यंत्रांमधील हवेचे तापमान हे शहराच्या तापमानाहून वेगळे मोजावे.

यांतील मोजमापे अवघड उपकरणांची नाहीत. दोन तापमापक, हवेचा वेग मोजणारे एक साधन आणि विजेचा मीटर एवढ्यावर कॅम्प १ मधील एखाद्या गल्लीचा वर्षभराचा अभ्यास होऊ शकतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने असा प्रबंध केला, तर तो कोणत्याही परदेशी सूत्रात नवा घातांक बसविण्यापेक्षा कमी मोलाचा ठरणार नाही. कॉइल धुणाऱ्या, वाकलेल्या फिन कंगव्याने सरळ करणाऱ्या कारागिराला कोणत्या अंतराच्या फिन किती दिवसांत तुंबतात याचे जे ज्ञान आहे, ते आजवर कोणी टिपून ठेवलेले नाही. ते टिपून घेणे हाही संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.

गार्डनर यांनी पंधरा वर्षांनी आपल्याच गृहीतकाकडे परत वळून पाहिले. फिनयुक्त नलिकांच्या शास्त्राने उरलेल्या गृहीतकांकडेही, म्हणजे स्वच्छ नलिका, कोरडी हवा आणि मोकळे आकाश यांकडे, तशाच निःस्पृहतेने पाहणे आता अवश्य आहे. शास्त्राची सूत्रे सर्व देशांची असतात. परंतु त्यांत घालावयाची मूल्ये ज्या त्या गल्लीतूनच आणावी लागतात.